‘पेपर’ आणि ‘पेपर’: कानाच्या सरावाचा संच तयार करतानाच्या नोंदी

४ जून

राजारामपुरीतील माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला येणारा एक तरुण गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत कामाला आहे. परदेशी ग्राहकाने फोनवर ओतीव भागाच्या कडेला, म्हणजे ‘एज’ला, तडा असल्याची तक्रार केली. याने ते वय या अर्थाचे ‘एज’ ऐकले आणि टिपणात एजिंगचा दोष म्हणून नोंदवले, म्हणजे उष्णता देऊन धातू कठीण करण्याच्या प्रक्रियेवर ठपका ठेवला. चूक कोठे झाली हे समजायला तीन ई-मेल लागले. वर्गात मी हे दोन्ही शब्द म्हणून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “सर, दोन्ही एकच हाय की.” मी पुन्हा म्हणून दाखवले आणि पुन्हा तेच उत्तर आले. त्या वेळी मला वाटले की दोष त्याच्या कानाचा आहे.

मराठीत ‘ए’ एकच आहे, इंग्रजीत मात्र आपण ‘ए’ने लिहितो असे दोन स्वर आहेत. त्यामुळे मिरी आणि कागद, बुद्धिबळ आणि पाठलाग, परीक्षा आणि चव या जोड्या आपण पेपर-पेपर, चेस-चेस, टेस्ट-टेस्ट अशा लिहितो आणि तशाच बोलतो. हा फरक कानाला पटवून देणारा ध्वनिफितींचा संच वर्गातील दहा जणांसाठी तयार करावा, असे ठरवले. अंदाज तीन आठवड्यांचा आहे.

८ जून

सोळा जोड्यांची यादी झाली. इंग्रजी स्पेलिंग दाखवले की विद्यार्थी कान सोडून डोळ्याने उत्तर देतात, म्हणून कार्डे देवनागरीत छापायची ठरवली. छपाईच्या दुकानात फाइल दिली आणि संध्याकाळी कार्डे आणायला गेलो, तर बत्तीसच्या जागी सोळाच कार्डे होती. दुकानातील मुलाने ‘एकच शब्द दोनदा आलाय’ म्हणून दुसरे कार्ड प्रत्येक वेळी काढून टाकले होते, आणि त्याचे चुकले असे मला म्हणता येईना. ३४० रुपये गेले.

यापुढे आखूड स्वरासाठी मी कन्नड शब्द देवनागरीत लिहिताना वापरतात ती ‘ऎ’ची खूण वापरणार आहे: पॆपर म्हणजे मिरी, पेपर म्हणजे कागद, ऎज म्हणजे कड, एज म्हणजे वय. विद्यार्थ्यांच्या कार्डांवर मात्र चित्रेच असतील. त्यामुळे ‘लॆट’ आणि ‘गॆट’सारखे चित्र न काढता येणारे शब्द वगळावे लागले आणि बारा जोड्या उरल्या: पॆपर-पेपर, चॆस-चेस, टॆस्ट-टेस्ट, शॆड-शेड, सॆल-सेल, पॆन-पेन, वॆट-वेट, डॆट-डेट, लॆस-लेस, ऎज-एज आणि आणखी दोन. सॆलसाठी घड्याळातील बॅटरी, सेलसाठी महाद्वार रोडवरील दुकानाबाहेरची पाटी, अशी चित्रे पुतणीने काढून दिली.

१३ जून

पहिले ध्वनिमुद्रण माझ्याच आवाजात केले. ८५० रुपयांचा कॉलर माइक आणला. खोलीतील पंखा बंद केला, भिंतीवर दोन वाकळी टांगल्या आणि तरीही ऐकताना मागे सारखी घरघर येत होती. ती फ्रिजची निघाली. फ्रिज बंद करून पुन्हा मुद्रण केले, तेवढ्यात पाऊस आला आणि शेजारच्या पत्र्याने उरलेला तास खाल्ला. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात हे काम करणाऱ्याने ते पहाटे करावे. दूध आणायला निघणाऱ्यांच्या गाड्या सुरू होण्यापूर्वी चाळीस मिनिटे तरी शांतता मिळते.

१९ जून

पहिली चाचणी घेतली. वीस शब्द ऐकवायचे आणि प्रत्येक वेळी दोनांपैकी एका चित्रावर बोट ठेवायचे. सात जणांना वीसपैकी नऊ ते तेरा गुण पडले आणि तेरा पाहून मी खूश झालो. घरी आल्यावर लक्षात आले की दोनच पर्याय असताना नुसते डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरी दहा बरोबर येतात. तेरा म्हणजे फारसे काही नाही.

उरलेल्या तिघांना मात्र सोळा, सतरा आणि अठरा पडले. त्यांचे काय, हे आज कळले नाही.

शिवाय एक चोरवाट सापडली. मी शब्द जोडीने वाचले होते आणि जोडीतला दुसरा शब्द वाक्य संपल्यासारखा खाली उतरत, थोडा लांबत होता. एका मुलीने सरळ सांगितले की ‘सूर खाली आला की दुसरे चित्र’ असे तिने धरले होते. म्हणजे तिने स्वर ऐकलेच नव्हते, मला ऐकले होते. सर्व क्लिपा बाद केल्या. आता शब्द चिठ्ठ्या टाकून उलटसुलट क्रमाने आणि ‘आय से … अगेन’ या ठरावीक वाक्यात बसवून म्हणायचे.

२३ जून

आजची नोंद लिहायला संकोच वाटतो. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचे प्राट हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतले आणि माझ्याच क्लिपा मोजल्या. स्वराची ओळख मुख्यतः पहिल्या दोन फॉर्मंटांवरून, म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या पहिल्या दोन पट्ट्यांवरून, ठरते. तोंड जितके उघडे, तितका पहिला फॉर्मंट वर जातो. पॆपर आणि पेपर यांत तो वेगळा दिसायला हवा होता. माझ्या आवाजात तो दोन्हींकडे ४५० ते ४८० हर्ट्झच्या आसपास होता आणि लांबीतही म्हणण्यासारखा फरक नव्हता. बारापैकी आठ जोड्यांत मी एकच शब्द दोनदा म्हटला होता.

बावीस वर्षे मी हे शब्द शिकवतो आहे. अर्थ मनात वेगळा असल्यामुळे मला ते वेगळे ऐकू येत होते, आणि उत्तरतालिका मीच तयार केलेली असल्यामुळे ती कधी चुकीची ठरण्याचा प्रश्नच नव्हता. चार तारखेला ‘दोन्ही एकच हाय की’ म्हणणाऱ्या मुलाचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. त्याने जे ऐकले तेच सांगितले होते.

मोजताना झालेली चूक हे काम करू पाहणाऱ्यांसाठी नोंदवतो. प्राटमध्ये फॉर्मंटांची वरची मर्यादा आपोआप ५५०० हर्ट्झ असते. ती साधारणपणे स्त्रियांच्या आवाजासाठी योग्य आहे. पुरुषाच्या आवाजासाठी ती ५००० करावी लागते, नाहीतर पट्ट्या भलत्याच ठिकाणी दाखवल्या जातात. हे न पाहता केलेली पहिली दोन तासांची मोजणी फुकट गेली, आणि वरचे आकडे दुसऱ्या मोजणीचे आहेत.

३० जून

माझा आवाज बाद. हा फरक नैसर्गिकपणे करणारे आवाज हवेत. परदेशी गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून वाक्ये म्हणवून घ्यायला सांगितली. लीड्स, मेलबर्न आणि टेक्सास येथून होकार आले. पुण्यातील एका परिचित बाईंचाही आवाज घेतला. त्या लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आहेत, आणि त्यांचा आखूड ऎ खरोखरच आखूड आणि उघडा आहे.

पहिल्या फाइली चॅटवर आवाजाचा निरोप म्हणून आल्या आणि त्यांतील शब्दांची सुरुवात छाटलेली होती. फोनमधील गोंगाट कमी करणारी सोय ‘प’ आणि ‘ट’चा झटकाही गोंगाट समजून खाते. सर्वांना पुन्हा विनंती करावी लागली की फोनच्या साध्या रेकॉर्डरवर मुद्रण करावे आणि फाइल दस्तऐवज म्हणून जोडून पाठवावी. परक्या माणसांकडे दुसऱ्यांदा मागणे जड गेले. आठ दिवस मोडले.

९ जुलै

सर्व आवाज आले आणि नवाच घोळ झाला.

मेलबर्नच्या गृहस्थांचा ‘पेपर’ इतक्या उघड्या तोंडाने सुरू होतो की वर्गातील चौघांनी तो ‘पायपर’ ऐकला. ऑस्ट्रेलियात हा स्वर ‘आइ’च्या जवळून निघतो. टेक्सासच्या बाईंनी लेखणीचा ‘पॆन’ म्हटला तो मला आणि सर्वांना स्वच्छ ‘पिन’ ऐकू आला. मी नम्रपणे विचारले की शब्द चुकला का, तर उत्तर आले की त्यांच्या बोलण्यात टाचणी आणि लेखणी यांचा उच्चार एकच आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात न आणि म यांच्या आधी हे दोन स्वर एक होतात. ऐकून मला विलक्षण बरे वाटले. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानालाही दोन स्वर एक करण्याची मुभा असेल, तर करवीरकरांनी एवढे ओशाळण्याचे कारण नाही.

पण संचासाठी ते निरुपयोगी होते. त्यांची पॆन-पेन ही जोडी ऐकायला सोपी होती, दहाच्या दहा जणांनी ती बरोबर ओळखली, आणि जे शिकायचे ते त्यातून कोणीच शिकले नाही. त्यांच्या न-म असलेल्या क्लिपा काढल्या, बाकीच्या ठेवल्या.

लीड्सच्या माणसाचा ‘पेपर’ आपल्यासारखाच निघाला. इंग्लंडच्या उत्तर भागात आणि स्कॉटलंडमध्ये अनेकांचा हा स्वर ‘एइ’ असा न सरकता सरळ लांब ‘ए’ राहतो. विद्यार्थ्यांना हा आवाज सर्वांत जवळचा वाटला. दक्षिण इंग्लंडचा सरकणारा स्वर तेवढा शुद्ध आणि आपला सपाट तो अशुद्ध, अशी जी समजूत मी स्वतः वर्गात पसरवली होती, ती उद्यापासून मागे घ्यावी लागेल.

१६ जुलै

जास्त गुण मिळवणाऱ्या त्या तिघांचे कोडे सुटले. एक मुलगी निपाणीची आहे, दोन मुले शिरोळ तालुक्यातील आहेत, आणि तिघांच्याही घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये आखूड ऎ आणि लांब ए ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, आणि त्यांनी अर्थ बदलतो: बॆळॆ म्हणजे पीक, बेळॆ म्हणजे डाळ. आईने डाळ आणायला सांगितली आणि मुलगा पिकाकडे पाहत बसला, असे त्या घरात होत नाही. निपाणीच्या मुलीने हा शब्द सांगितला तेव्हा मराठी घरांतील सातही जण ‘काय फरक आहे?’ म्हणून एकमेकांकडे पाहू लागले. तिला हसू आवरेना.

आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ हे मुख्यतः कागदावरचे प्रकरण झाले आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण सारखेच म्हणतो. ‘मूल’ दीर्घ आणि ‘मुलाला’ ऱ्हस्व हे आपण नियमाने लिहितो, पण त्या लांबीवर कोणताही अर्थ टांगलेला नसतो. ‘ए’ला तर लिपीतही जोडीदार नाही. ज्या फरकाने घरात कधी काही अडले नाही, तो कान सोडून देतो.

२६ जुलै

पाच दिवस वर्ग बंद. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेल्यावर शिरोळची मुले घरीच थांबली. घरी बसून क्लिपा कापल्या.

४ ऑगस्ट

त्या कापण्याने एक चांगली आणि एक वाईट गोष्ट केली. सर्वांनी लांबीवर विसंबू नये, म्हणून मी प्रत्येक जोडीतील स्वर सारख्या लांबीचे केले. चाचणी घेतली, तर कन्नड घरांतील तिघे पुण्याच्या आणि लीड्सच्या आवाजांवर अठरावरून थेट बारापर्यंत घसरले. ते केवळ लांबीच ऐकत होते. ऎ हा ए पेक्षा उघडाही असतो, याकडे त्यांचे लक्ष नव्हते. निपाणीच्या मुलीला याचा राग आला आणि तो योग्य होता, कारण खऱ्या माणसाच्या बोलण्यात लांबी असते आणि तिचा आधार घेणे हा काही गुन्हा नाही.

पण नुसत्या लांबीचा आधार फसवाही आहे. इंग्रजीत ट, प, क, स यांच्या आधी स्वर आखडतो आणि ड, ब, ग यांच्या आधी लांबतो, त्यामुळे पत्र्याच्या ‘शॆड’मधील आखूड स्वर कित्येकदा ‘डेट’मधील लांब स्वराएवढा भरतो. संचातील निम्म्या क्लिपा नैसर्गिक लांबीच्या ठेवल्या, निम्म्या सारख्या केल्या. सरसकट सारख्या करू नयेत.

१८ ऑगस्ट

मधल्या दोन आठवड्यांत रोज पंधरा मिनिटे सराव घेतला. सुरुवातीला ‘गोंधळ नको’ म्हणून एकाच आवाजावर, पुण्याच्या बाईंच्या क्लिपांवर, भर दिला. सर्वांना सतरा-अठरा पडू लागले. मग लीड्सचा आवाज लावला आणि सगळे पुन्हा अकरा-बारावर आले. त्यांनी स्वर शिकला नव्हता, बाई पाठ केल्या होत्या.

याचे कारण आकड्यांत दिसते. पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ साली अमेरिकेत ७६ व्यक्तींचे स्वर मोजले होते. त्यांत पुरुषांच्या आखूड ऎचा पहिला फॉर्मंट सरासरी ५३० हर्ट्झ आणि ‘ॲ’चा ६६० होता, स्त्रियांचा ऎ मात्र ६१० होता. म्हणजे आकड्याने पाहिले तर बाईचा ऎ हा पुरुषाच्या ऎपेक्षा पुरुषाच्या ॲला जवळ आहे. एका आवाजावर घट्ट बसवलेले माप दुसऱ्यावर लागत नाही. जपानी लोकांना इंग्रजी र आणि ल ओळखायला शिकवताना लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी १९९१ मध्ये अनेक आवाज वापरले होते ते याचसाठी. हे मी जूनमध्येच वाचले होते, आणि तरीही सोपे पडावे म्हणून एका आवाजाने सुरुवात केली. दोन आठवडे गेले.

आजपासून प्रत्येक पंधरा मिनिटांत चारही आवाज मिसळून येतील, आणि चुकले की लगेच बरोबर चित्र दाखवून तोच शब्द पुन्हा ऐकवला जाईल. ‘आय से … अगेन’ हे वाक्य बदलावे असे मध्यंतरी वाटले होते, कारण त्यातील ‘से’मध्येच लांब ए आहे. पण त्यामुळेच ते ठेवले. लॅडफोगेड आणि ब्रॉडबेंट यांनी १९५७ मध्ये दाखवले होते की आधीच्या वाक्यातील स्वर बदलले की पुढचा तोच शब्द ऐकणाऱ्याला निराळा वाटतो. बोलणाऱ्याचा ए कसा आहे, हे ‘से’ आधीच सांगून ठेवते. मेलबर्नच्या क्लिपांवर याचा उपयोग लगेच दिसला, कारण ‘साय’ ऐकू आले की पुढे ‘पायपर’ येणार हे मुलांनी धरले.

१ सप्टेंबर

ज्या जोडीपासून हे सुरू झाले ती ऎज-एज मात्र हलेना. बाकीच्या अकरा जोड्यांत बरे चालले असताना इथे सगळे अडत होते. म्हणून प्रत्येकाला तो शब्द मोठ्याने म्हणायला लावला, आणि सात जणांपैकी पाच जणांनी दोन्ही वेळा ‘येज’ म्हटले. आपल्या भागात शब्दाच्या सुरुवातीच्या ए आधी ‘य’ चिकटतो: एक नव्हे येक, एम नव्हे येम. तो ‘य’ तोंडाला आधीच वर, बंद स्वराकडे नेतो, आणि ऎचा उघडेपणा निघण्यापूर्वीच झाकला जातो. मीही तसेच म्हणतो. आमच्या घरात आजपर्यंत कोणी ‘एकादशी’ म्हटलेले मला आठवत नाही.

उपाय साधाच केला. आधी ‘हॆज’ आणि ‘हेज’ म्हणायचे, मग ह हळूहळू काढायचा. ह असला की य चिकटत नाही. हे वर्गात हास्यास्पद दिसले, अख्खा वर्ग धापा टाकल्यासारखा हॆ-हे करत होता, आणि खालच्या मजल्यावरील किराणा दुकानदार वर येऊन सगळे ठीक आहे ना म्हणून विचारून गेले. पण चार दिवसांत त्या पाचांपैकी तिघांचा ‘य’ गेला, आणि म्हणण्यातून गेला तसा ऐकण्यातूनही अडथळा कमी झाला. ‘येक’ म्हणू नका असे मी कोणालाही सांगितले नाही. ते मराठी आहे आणि तिथे ते बरोबर आहे.

१५ सप्टेंबर

पूर्वी कधी न ऐकलेल्या पाचव्या आवाजावर चाचणी घेतली. मराठी घरांतील सात जणांना वीसपैकी चौदा ते सतरा गुण पडले, कन्नड घरांतील तिघांना सतरा ते एकोणीस. मी स्वतः शेवटी बसलो आणि मला चौदा पडले. वर्गात ते सांगितले.

खर्च: माइक ८५० रुपये, वाया गेलेली कार्डे ३४०, चित्रांची कार्डे ४६०, माइकचा स्टँड १५०, एकूण १८०० रुपये. तीन आठवड्यांचे काम साडेतीन महिने चालले. सुमारे सत्तर तास लागले, त्यांपैकी वीसेक तास माझ्याच आवाजावर गेले. पुन्हा करायचे झाले तर स्वतःचा आवाज पहिल्याच दिवशी मोजेन आणि कार्डे सर्वांत शेवटी छापेन.

फाउंड्रीतील तरुणाने आज क्लिपा फोनवरून ऐकून पाहिल्या. साध्या फोनमधून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. पहिले दोन फॉर्मंट त्यात बसतात, त्यामुळे घरी बसून त्याला दहापैकी आठ ओळखता आले. कारखान्यात भट्टीजवळ उभे राहून मात्र पाचच आले. त्याने आता ग्राहकाला विचारायचे वाक्य ठरवून ठेवले आहे: “कड की वय?” इंग्रजीत तो ते स्पेलिंग सांगून विचारतो. पुढच्या मंगळवारी शॉप फ्लोअरवरचा आवाज मुद्रित करून आणायला सांगितले आहे. तो क्लिपांच्या मागे मिसळून पाहायचा आहे.